दस्त्याच्या पोटातली शिदोरी



गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "मॅडम, बंदुकीच्या आत मासे धरायचा गळ कशाला ठेवतात?" वर्ग हसला. मुलाने कुठेतरी चित्र पाहिले होते. रायफलचा मागचा भाग उघडा, आत पोकळी, आणि त्या पोकळीत गळ, दोरा, काड्यापेटी, होकायंत्र असले सगळे कोंबून बसवलेले. प्रश्न चांगला होता. पण त्याच वेळी बाकावरच्या त्याच्या सोबत्याने त्याला कोपराने ढोसले आणि दबक्या आवाजात म्हटले, "असलं काही विचारू नको रे." का विचारू नको, ते दोघांनाही ठाऊक होते आणि मलाही. तो ढोसा मला प्रश्नापेक्षा जास्त लागला. म्हणून ठरवले की उत्तर नीट, सविस्तर द्यायचे. वर्गात दिले, आणि आता इथेही देते.

रायफलचा जो भाग खांद्याला टेकवतात त्याला आपण मराठीत दस्ता म्हणतो, उर्दूत कुंदा, आणि पोलिसांच्या तोंडी बट. माझी त्याच्याशी ओळख कॉलेजातल्या एन.सी.सी.ची. ड्रिलसाठी जुन्या थ्री नॉट थ्री रायफली असायच्या. एकदा आमच्या उस्तादांनी (एन.सी.सी.त शिकवणाऱ्या हवालदाराला उस्तादच म्हणतात, आणि उर्दूच्या घरातली म्हणून मला त्याचे फार अप्रूप वाटे) रायफल उलटी केली आणि दस्त्याच्या टोकाला जी पितळी पट्टी असते तिच्यातले छोटे झाकण अंगठ्याने उघडले. आत लाकडात कोरलेला खोल कप्पा. त्यातून निघाली तेलाची लहानशी बाटली, आणि तिच्या मागून वजन बांधलेली एक दोरी. या दोरीला इंग्रजीत 'पुल थ्रू' म्हणतात. आपल्या जवानांनी त्याचे कधीच 'फुलतरू' करून टाकले आहे. वजन नळीत सोडायचे, दोरीच्या फासात फ्लॅनेलची पट्टी अडकवायची आणि दुसऱ्या बाजूने ओढायची, की नळी साफ. त्या पट्टीला फौजेत 'चिंदी' म्हणतात. आपलाच शब्द.

आम्ही मुली ते झाकण पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. इतकी जड, कठोर वस्तू आणि तिच्या पोटात तेलाची कुपी! मी उस्तादांना विचारले, हे पिशवीत का नाही ठेवत? ते म्हणाले, पिशवी जवान कुठेही टाकेल, रायफल टाकणार नाही. या सगळ्या विषयाची किल्ली त्या एका वाक्यात आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत अठराव्या शतकात लांब नळीच्या शिकारी बंदुका बनत. त्यांच्या दस्त्यात पितळी झाकणाचा कप्पा असे आणि त्यात गोळीभोवती गुंडाळायच्या, चरबी लावलेल्या कापडाच्या चकत्या. रशियन एके-47च्या लाकडी दस्त्यातही सफाईच्या साहित्याची नळकांडी असते. बोट घालून दाबले की आतल्या स्प्रिंगने ती बाहेर येते, आणि तिचाच दांडपट्टीसाठी मूठ म्हणून उपयोग होतो. डबी आणि हत्यार एकच.

हा कप्पा नसेल तर काय होते, तेही इतिहासात नोंदले आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना एम-16 ही नवी रायफल दिली. हलकी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची. दस्त्यात मागे सरकणारी स्प्रिंग बसवलेली, सफाईच्या साहित्याला जागा नाही. वर सैनिकांचा समज असा करून दिला गेला की हिला फारशी सफाई लागतच नाही. सफाईचे संच पुरेसे पाठवलेच नाहीत. त्यात काडतुसातली दारू बदलली होती, आणि नळीच्या आत गंज रोखणारा क्रोमचा मुलामा नव्हता. दमट जंगलात ऐन लढाईत रायफली अडकू लागल्या. पोरांनी घरी पत्रे लिहिली, आईबापांनी ती पुढे नेली, आणि 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली. पुढे नळीला क्रोम आले, संच आले आणि दस्त्याच्या टोकाला झाकण येऊन आत सफाईचे साहित्य बसले. एवढ्याशा कप्प्यासाठी किती घरांत किती मातम झाला असेल, याचा हिशेब कोणी करू शकत नाही.

गंमत म्हणजे एम-16 ज्या रचनेवरून आली तिचा कर्ता युजीन स्टोनर यानेच एआर-7 नावाची एक छोटी रायफलही आखली होती. तिचे प्रकरण अगदी उलटे. तिचा दस्ता एवढा पोकळ की नळी, यंत्र, गोळ्यांचे घर, सगळी रायफलच सुटी करून त्यात बसते. वरून झाकण लावले की हातभर लांबीचे एक गाठोडे, वजन किलोच्या जरा वर, आणि पाण्यात पडले तर तरंगते. विमान कोसळून रानात अडकलेल्या वैमानिकासाठी ही सोय. त्याआधी 1950च्या दशकात अमेरिकी हवाई दलाकडे एम-6 होती. तिच्या दस्त्यात 9 बारीक आणि 4 जाड काडतुसे ठेवायला खाचा होत्या. तिला नेहमीचा घोडा नव्हता, दाबायची लांब पट्टी होती, म्हणजे थंडीत जाड हातमोजे न काढता ती चालवता यावी. ज्याने ही आखली त्याने बोटे गारठलेल्या माणसाचा विचार केला होता.

आता त्या गळाकडे येते. अलास्कासारख्या प्रदेशात शिकारीला जाणारे लोक आपल्या रायफलच्या पोकळ दस्त्यात जीव वाचवण्याचे साहित्य भरतात. (आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, आणि हत्याराला परवाना लागतो. तेव्हा घरी कोणी प्रयोग करायचा नाही, हे मुलांना आधी सांगितले.) दस्त्याच्या मागची रबरी गादी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढली की पोकळी. विचार तोच, उस्तादांचा. पाठीवरची पिशवी माणूस तंबूत ठेवतो, जखमी जनावराचा माग काढताना झाडाखाली टाकतो, नदी ओलांडताना गमावतो. हातातली रायफल मात्र हातातच राहते.

त्यात काय ठेवावे याबद्दल मुलांचे आणि माझे एकमत झाले नाही. मुलांना गळ आणि फास आवडले. मला आवडला व्हॅसलीन चोळलेल्या कापसाचा बोळा. साधा कापूस भुर्रकन जळून जातो, व्हॅसलीन लावलेला कितीतरी वेळ पेटता राहतो आणि ओल्या काटक्यांना धग देतो. अन्नावाचून माणूस आठवडे काढतो, पाण्यावाचून काही दिवस, पण भिजलेल्या अंगाने बोचऱ्या थंडीत एक रात्रही भारी पडू शकते. म्हणून आधी आग, मग खूण करायला आरसा आणि शिट्टी, मग पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि पाणी तापवायला घडी केलेला अॅल्युमिनियमचा जाड कागद. मासे शेवटी. होकायंत्र हवेच, पण ते रायफलपासून लांब धरून वाचायचे, नाहीतर नळीचे पोलाद सुईला फसवते.

भरण्यातही अक्कल लागते. सुटे ठेवले तर चालताना खुळखुळते आणि हरीण चार शेत पुढे निघून जाते, म्हणून मधल्या फटी कापसाने भरायच्या. म्हणजे कापूस दोन कामे करतो. बार उडाला की दस्त्याला दणका बसतो, म्हणून काचेचे काही नाही. फार भरले तर मागची बाजू जड होऊन नेम बिघडतो. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे स्क्रू काढायला लागणारा पेचकस घरी ठेवणे. शहाणे लोक नाण्याने फिरेल असा स्क्रू बसवतात.

हे सांगताना मला सारखी आमची नानी आठवत होती. तिच्या कपाटाच्या किल्ल्या इजारबंदाला बांधलेल्या असत. घर जळाले तरी किल्ल्या तिच्याजवळ. आजही आपल्या बायकांच्या बांगडीत दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या दिसतात. पर्स विसरते, बांगडी विसरत नाही. अलास्काच्या शिकाऱ्याने दुसरे काय केले?

या विषयातली सर्वांत अचंब्याची गोष्ट मात्र पृथ्वीवरच्या कोणा शिकाऱ्याची नाही. मार्च 1965 मध्ये सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यानातून बाहेर पडून अवकाशात तरंगणारा पहिला माणूस ठरला. बाहेर तो सुमारे 12 मिनिटे होता. त्याचा पोशाख फुगला आणि हवा सोडून देऊन तो कसाबसा आत आला, हे मुलांच्या पुस्तकांत असते. उतरतानाचे मात्र कमी लिहिले जाते. स्वयंचलित यंत्रणेने दगा दिला, त्याने आणि पावेल बेल्यायेव्हने यान हाताने उतरवले आणि ते ठरलेल्या जागेपासून 300 किलोमीटरहून जास्त दूर, उरलकडच्या बर्फाळ जंगलात पडले. छातीभर बर्फ. अंगातला पोशाख घामाने भिजलेला, तो काढून पिळावा लागला. विमानांनी वरून कपडे टाकले, त्यातले काही फांद्यांत अडकून राहिले. लांडग्यांचा आणि अस्वलांचा मुलूख, आणि हातात एक साधे पिस्तूल. दोन रात्री त्यांनी जंगलात काढल्या. दुसऱ्या रात्री सुटकेची तुकडी पोचली होती. मग स्कीवरून चालत ते हेलिकॉप्टरपर्यंत गेले.

लिओनोव्हने ते पिस्तूल विसरले नाही. त्याने अधिक कामाच्या हत्याराचा आग्रह धरला आणि 1986 पासून सोव्हिएत यानांच्या आपत्कालीन साहित्यात टीपी-82 नावाचे तीन नळ्यांचे पिस्तूल आले. दोन नळ्या छऱ्यांसाठी, एक गोळीसाठी. छऱ्यांच्याच नळ्यांतून इशाऱ्याचे लाल बाण सोडता येत. आणि त्याचा सुटा दस्ता? तो कॅनव्हासच्या म्यानात घातलेला कोयता होता. म्यानासकट जोडला की खांद्याला टेकवायचा दस्ता, काढला की लाकूड तोडायचा, झोपडी बांधायचा कोयता. इथे साहित्य दस्त्यात ठेवलेले नव्हते, दस्ताच साहित्य होता.

आपल्या वाचकांना एक नाव आठवत असेल. मलेशियाचे डॉक्टर शेख मुजफ्फर शुकोर 10 ऑक्टोबर 2007 रोजी, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, रशियन यानातून अंतराळ स्थानकावर गेले आणि ईद त्यांनी तिथे साजरी केली. दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो तिथे नमाज कशी, किब्ला कुठे, रोजा पुढे ढकलावा का, याची मार्गदर्शिका त्यांच्या देशातल्या उलेमांनी आधीच तयार केली होती. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण ती हीच. 21 ऑक्टोबरला परतताना त्यांचेही यान वाट चुकून तीव्र कोनात खाली आले आणि नेमलेल्या जागेच्या 300 किलोमीटरहून अधिक अलीकडे उतरले. बेचाळीस वर्षांनी पुन्हा तेच. कझाकस्तानचा उघडा माळ होता, हेलिकॉप्टरे लवकर पोचली, अल्हम्दुलिल्लाह.

त्याच सुमारास टीपी-82 निवृत्त झाले होते. हत्यार ठणठणीत होते. त्याची खास काडतुसे मात्र मुदतीबाहेर गेली होती आणि नवी बनत नव्हती. मग साध्या पिस्तुलावर गाडी परत आली.

वर्गात इथपर्यंत सांगून मी थांबले. घंटा व्हायला दोन मिनिटे होती. हात वर आला तो ढोसणाऱ्याचा.

"मॅडम, ती काडतुसं मोजायचं काम कुणाचं होतं?"