थडग्यांच्या दरीतील हजेरीपट

वाचकहो, परदेशी जाऊन आलेल्या माणसाने आपल्या प्रवासाचे वर्णन फार लांबवू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. तरीही गेल्या हिवाळ्यात इजिप्तमधील लक्सर येथे आम्ही उभयतांनी जो एक दिवस घालविला, त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

लक्सर म्हणजे प्राचीन थीब्ज नगरी. कैरोच्या दक्षिणेस सुमारे साडेसहाशे किलोमीटरांवर नाईल नदीच्या काठी ती वसली आहे. पूर्वतीरावर सूर्य उगवतो म्हणून तिकडे नगर व मोठी देवालये. पश्चिमतीरावर तो मावळतो म्हणून तिकडे मृतांचा निवास, अशी जुन्या इजिप्ती लोकांची सर्वसाधारण वाटणी होती. एका दिवसाच्या सहलीत सकाळी पश्चिमतीर व सायंकाळी पूर्वतीर पाहणे उन्हाच्या दृष्टीने सोयीचे पडते.

सकाळी सहाच्या सुमारास आमच्या वाटाड्याने आम्हांला नावेतून पैलतीरी नेले. पन्नाशीतला हा गृहस्थ मोठा अगत्यशील आणि आपल्या विषयात पारंगत होता. प्रथम उसाच्या शेतांपलीकडे तिसऱ्या आमेनहोतेप राजाचे दोन बैठे पुतळे दिसले. प्रत्येकाची उंची सुमारे १८ मीटर. ज्या विशाल मंदिराच्या दाराशी ते बसविले होते, ते मंदिर केव्हाच कोसळले. द्वारपाल तेवढे उरले.

तेथून राजांच्या दरीत गेलो. गवताची काडीही न उगवणाऱ्या पिवळसर डोंगरांच्या कुशीत ही दरी आहे. वर पिरॅमिडच्या आकाराचे एक नैसर्गिक शिखर आहे. पिरॅमिड दुरून दिसतात आणि चोरांना वाट दाखवितात, म्हणूनच की काय, पुढील काळातील राजांनी येथे खडकाच्या पोटात आपली थडगी खोदविली. आजवर साठाहून अधिक थडगी व कोठड्या येथे सापडल्या आहेत. साध्या तिकिटावर त्यांतील तीन पाहता येतात.

सहाव्या रामसेसच्या थडग्यातील छत पाहून आम्ही थक्क झालो. आकाशदेवी नुत तेथे दुहेरी पसरली आहे. सायंकाळी ती सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला पुन्हा जन्म देते. तीन हजारांहून अधिक वर्षे लोटली, तरी निळा व पिवळा रंग काल दिल्यासारखा ताजा आहे.

जवळच तूतनखामेनचे लहानसे थडगे आहे. हॉवर्ड कार्टर यांच्या माणसांना त्याची पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ रोजी सापडली. ते इतकी शतके सुरक्षित कसे राहिले? वाटाड्याने सांगितले की, पुढील काळात थडगी खोदणाऱ्या कामगारांनी नेमक्या त्याच जागेवर आपल्या झोपड्या बांधल्या होत्या. त्यांच्या खाली पायऱ्या झाकल्या गेल्या. इतर बहुतेक राजांच्या नशिबी हे भाग्य नव्हते. त्यांची थडगी लुटली गेली आणि पुजाऱ्यांनी कित्येकांचे देह डोंगरातील एका गुप्त विवरात नेऊन ठेवले. ते १८८१ साली उजेडात आले. त्यांत दुसऱ्या रामसेससारखा प्रतापी राजाही होता.

डोंगराच्या दुसऱ्या अंगाला हातशेपसुत राणीचे तीन मजली सज्ज्यांचे मंदिर आहे. या स्त्रीने सुमारे वीस वर्षे राजा म्हणून राज्य केले. तिने पुंत देशी गलबते पाठवून धूपाची झाडे मुळांसकट टोपल्यांतून आणविली. तो सारा प्रसंग भिंतीवर कोरला आहे. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी मात्र अनेक ठिकाणी तिचे नाव व आकृती छिन्नीने खरवडण्यात आल्या. आमची सौभाग्यवती त्या खुणांपाशी बराच वेळ उभी राहिली.

उन्हे चढू लागली होती. वाटाड्या म्हणाला, “हाताशी एक तास आहे. दगडी फुलदाण्यांच्या दुकानात नेऊ, की कारागिरांच्या गावात?”

मी उत्तर देण्यापूर्वीच सौभाग्यवती म्हणाली, “अहो, दुकाने का आपल्याकडे थोडी आहेत? गावच पाहू.”

त्या गावाचे नाव देर अल्-मदीना. दोन टेकड्यांच्या खोबणीत एका अरुंद गल्लीच्या दुतर्फा घरांचे कंबरेएवढे उंच अवशेष आहेत. कोटाच्या आत सुमारे सत्तर घरे होती. राजांची थडगी खोदणारे पाथरवट, चितारी व लेखनिक येथे बायकामुलांसह पिढ्यान्‌पिढ्या राहिले. पाणी गाढवांवरून खालून आणावे लागे. वेतन म्हणजे मुख्यतः धान्य: भाकरीसाठी गहू आणि बियरसाठी सातू. कोरडी हवा आणि लिहिण्याची सवय यांमुळे त्यांच्या चिठ्ठ्या, हिशेब व भांडणे चुनखडीच्या कपच्यांवर हजारोंनी टिकून राहिली आहेत.

त्यांतील एका कपचीचे छायाचित्र वाटाड्याने आम्हांस दाखविले. मूळ कपची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षीचा, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १२५० मधील, तो चाळीस कामगारांचा हजेरीपट! गैरहजेरीचे दिवस काळ्या शाईने आणि त्यांवर कारणे लाल शाईने लिहिली आहेत. कोणाचे डोळे आले, कोणाला विंचू चावला, कोणी बियर तयार करीत होता. आणि एकाच्या नावापुढे, तो आपल्या आईच्या देहाला अखेरची वस्त्रे गुंडाळीत होता, अशी नोंद आहे.

वाचकहो, मी सारी नोकरी एका बांधकाम कचेरीत कारकून म्हणून केली आणि असंख्य हजेरीपट लिहिले. एका धरणाच्या कामावर एक मजूर चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला, तो डोक्याचे मुंडण केलेला. मी त्याच्या डोक्याकडे पाहिले. काय घडले असेल ते मला कळले. पण पटावर फुलीसाठी घर होते, कारणासाठी रकाना नव्हता. न सांगता गैरहजर म्हणून त्याचे नाव कमी झाले होते आणि जागी दुसरा माणूस घेतला होता. तो काही बोलला नाही. थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. हे मी घरीही कधी सांगितले नव्हते. त्या उन्हात, त्या गल्लीत उभा राहून सांगितले.

वाटाड्याने मग आणखी एक हकीकत सांगितली. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी या गावाचे धान्य थकले. तेव्हा कामगार हत्यारे खाली ठेवून कोटाबाहेर पडले आणि राजांच्या मंदिरांपाशी जाऊन बसले. भूक व तहान यांनी आम्हांला येथे आणले, अशी त्यांची तक्रार होती. इतिहासात नोंदलेला हा पहिला संप. अखेर थकलेले धान्य त्यांच्या पदरात पडले.

याच गावच्या सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे १८८६ साली अभंग सापडले. अरुंद पायऱ्या उतरून आम्ही आत गेलो. खोली लहानशी, पण भिंतीवर परलोकातील शेत पिकले आहे. सेन्नेजेम गहू कापतो आहे आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेली त्याची पत्नी मागून चालते आहे. जन्मभर राजांसाठी राबलेल्या हातांनी आपल्यासाठी मागून घेतले ते एवढेच.

सायंकाळी कर्नाकच्या मंदिरात १३४ खांबांचे दालन पाहिले. मधल्या खांबांची उंची सुमारे २१ मीटर. हातशेपसुतचा एकसंध दगडी स्तंभही तेथे अद्याप उभा आहे. सकाळी हे पाहिले असते, तर मी केवळ राजांची नावे टिपून घेतली असती.

लक्सरला जाण्याचा योग आलाच, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, पाणी बरोबर ठेवावे आणि देर अल्-मदीनासाठी एक तास हवाच, असे वाटाड्यास आधीच बजावावे. घाईच्या सहलीत नेमके तेच गाळले जाते.

त्या रात्री मुक्कामी त्या मजुराचे नाव आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आठवले नाही. ज्यांच्या हाती आज हजेरीपट आहेत, त्यांनी कारणासाठी एक रकाना अवश्य राखावा, एवढीच माझी विनंती आहे.