वर तर जायचंय!

वाट चुकलीय हे आम्हा तिघांनाही कळलं होतं, पण पुढची वीस मिनिटं तसं कुणीच म्हणालं नाही. मित्रानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. भाच्यानं मोबाइल उंच धरून रेंजचा नवस बोलून पाहिला. आणि मी, वयानं मोठा म्हणून, ‘‘असेल इथेच कुठेतरी,’’ असं दोनदा म्हणून टाकलं. डोंगरात हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याला वाट ठाऊक नसते, एवढं तरी मला इतक्या वर्षांच्या भटकंतीनं शिकवलं आहे.

गड होता सिद्धगड. मुरबाड तालुक्यातला, भीमाशंकरच्या रानाला खेटून उभा. उंची हजार मीटरच्या आतबाहेर, म्हणून आकडा बघून लोक त्याला कमी लेखतात. पण हा कोकणाच्या बाजूचा डोंगर. इथे पायथाच सखल, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची स्वतःच्या पायांनी भरावी लागते. नारिवलीहून निघालो तेव्हा डिसेंबरातली थंडी होती; माचीवर नारमातेच्या देवळापाशी पोहोचेपर्यंत सदरे पिळून काढावेत असे झाले होते. तिथवर वाट मळलेली, चुकायला वाव नाही. खरा चढ त्याच्या पुढचा, बालेकिल्ल्याचा.

खाली रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं स्मारक आहे. वीजवाहिन्यांचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला हैराण करणारा कोतवालांचा आझाद दस्ता याच झाडीत लपला होता आणि २ जानेवारी १९४३च्या पहाटे हे दोघे इथेच गोळीबारात पडले. परक्याला वाट सापडू नये म्हणूनच त्यांनी हे रान धरलं असणार. जाताना स्मारकापाशी मी हे भाच्याला मोठ्या अधिकारवाणीनं सांगितलं होतं. आपणही इथे परकेच, हे मात्र तेव्हा ध्यानात आलं नाही.

माचीमागच्या झाडीत एका फाट्यावर आम्ही थांबलो. सपाट दगड बघून त्यावर पाठपिशव्या टेकल्या, संत्री सोलली. डावीकडची वाट रुंद आणि सोपी, उजवीकडची अरुंद, पाचोळ्यात बुडालेली. अर्थात डावी धरली. ती ढोरवाट होती. ढोरवाटेचा स्वभाव सांगतो : सुरुवातीला ती माणसांच्या वाटेपेक्षाही ऐसपैस असते, मग तिला फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात, आणि शेवटी ती चाऱ्यापाशी किंवा पाण्यापाशी विरून जाते. गुरांना गडावर कशाला जायचं असतं?

कुणी वाक्य उच्चारलं आठवत नाही (बहुतेक मीच), पण ठरलं : ‘‘वर तर जायचंय! मग सरळ वरच चढू.’’

सह्याद्रीत याहून वाईट निर्णय शोधून सापडणार नाही. हा डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो, मग पुन्हा कडा. कुठल्याही घाटमाथ्याकडे लांबून पाहिलं तर या पायऱ्या दिसतात. म्हणून इथली शहाणी वाट सरळ चढतच नाही. ती पदरावरून आडवी जाते, कड्याला जिथे खिंडार पडलं आहे, एखादी घळ किंवा नाळ उतरली आहे, तिथपर्यंत मुकाट चालते आणि मगच वर वळते. सरळ वर जाणाऱ्याला कडा आडवा येतोच. ओढ्याच्या पात्रातून सरळ खाली जाणाऱ्याचंही तेच; पावसाळ्यात जिथे धबधबा कोसळतो तिथे त्याला हिवाळ्यात नुसती पोकळी भेटते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी चढलो.

पहिला टप्पा घसाऱ्याचा. दोन पावलं वर टाकावीत आणि मुरुमानं दीड पाऊल खाली आणावं. त्यावर वाळलेलं गवत, ते तर तेल ओतल्यासारखं. मग कारवी लागली. कारवी हा भटक्यांचा कठडा. ओली काठी अंगाचा भार पेलते. वाळलेली मात्र हसत हसत मुळासकट हातात येते. कुठली ओली, कुठली वाळकी हे धरल्याशिवाय कळत नाही, आणि धरल्यावर कळून उपयोग नसतो. भाचा मोबाइलमध्ये बघून सांगत होता, आधीच उतरवून घेतलेली वाट फक्त चाळीस मीटरवर आहे. ते चाळीस मीटर आडवे की उभे, ते काही पडद्यावरच्या निळ्या ठिपक्याला कळत नव्हतं.

तासाभरानं समोर कातळ आला. तीन पुरुष उंच, खाचखळगा नसलेला. मागे वळून पाहिलं आणि जे चढलो ते उतरायचं आहे हे कळल्यावर मित्र खाली बसला. कुणी कुणाला दोष दिला नाही. तेवढा दम उरला नव्हता. जिथपर्यंत वाटेची खात्री होती तिथे परत जाणं, एवढंच शिल्लक होतं. उतरलो ते बसून, पाठीवर, टाचा रोवत. माझ्या पँटनं अर्ध्यातच जीव सोडला.

‘‘ओ दादा, तिकडं वाट नाय!’’

खालच्या झाडीतून मोळी बांधणारी एक म्हातारी ओरडत होती. जवळ पोहोचल्यावर तिनं आमच्याकडे आपादमस्तक पाहिलं. ‘‘तिकडं बकरू पण जात नाय,’’ म्हणाली, आणि मोळी डोक्यावर घेऊन अनवाणी पायांनी इतकी झपाझप निघाली की तिच्या मागे राहायला आम्हाला धावावं लागलं.

एक मात्र खालीच कबूल करायला हवं होतं. दगडांवर तेलरंगानं बाण काढणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. डोंगर म्हणजे काय शाळेची भिंत आहे? हे मी त्याच दिवशी सकाळी चढताना या दोघांना ऐकवलं होतं.

म्हातारीनं आम्हाला फाट्यावर आणून सोडलं. उजवीकडच्या अरुंद वाटेकडे बोट केलं, मग खाली वाकून सपाट दगडावरची संत्र्याची सालं हातानं बाजूला सारली. खाली पांढऱ्या रंगाचा वीतभर लांब बाण होता, उजवीकडे रोखलेला. सकाळी नेमकी त्यावर एक पाठपिशवी टेकलेली होती.

पिशवी माझी होती.