बळीचा गुन्हा कोणता?



दिवाळीत ओवाळताना आपल्या घराघरांतून म्हटले जाते, इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. त्याच घराच्या देव्हाऱ्यात विष्णू असतो, आणि त्याच विष्णूने वामन होऊन बळीला पाताळात घातले. गाडणाऱ्याची पूजा आणि गाडलेल्याच्या राज्याची मागणी, दोन्ही एकाच घरात! विद्वानांना यात अडाणीपणा दिसतो. आम्हाला त्यात एक न विसरलेला प्रश्न दिसतो.

अवतार म्हणजे खाली उतरणे. अधर्म माजला, सज्जनांचा छळ झाला की देव खाली उतरतो, असे कीर्तनकार सांगतात. ठीक. हेच माप घेऊन दहा अवतार मोजू. हिरण्यकशिपूने पोटच्या पोराचा छळ मांडला, म्हणून नरसिंह आला. रावणाने परस्त्री पळवली. कंसाने बहिणीची तान्ही मुले आपटून मारली. मत्स्यावताराने तर सत्यव्रत राजाला प्रलयाआधी सगळ्या वनस्पती आणि बियाणे नावेत भरून घ्यायला सांगितले. आम्ही शेतकी शिकलेली माणसे, बियाणे वाचवणारा हा देव आम्हाला जवळचा वाटतो.

मग बळीने काय केले होते? कोणाची बायको पळवली? कोणाचे पोर मारले?

भागवताच्या आठव्या स्कंधात ही कथा सविस्तर आहे, आणि ती विष्णुभक्ताने सांगितलेली आहे, बळीच्या वकिलाने नव्हे. त्यातही बळीचा गुन्हा एवढाच सापडतो की त्याने इंद्राचे आसन जिंकले. आसन गेले म्हणून देवांची आई अदिती रडली आणि तिच्या पोटी वामन आला. बळी प्रल्हादाचा नातू, दाता, शब्दाचा पक्का. ज्याच्यावर आरोप ठेवता येत नाही त्याला शेवटी गर्व झाला होता असे म्हणायचे! एखाद्या साली कापसाला बरा भाव लागला आणि कोणी मोटारसायकल घेतली की शेतकरी माजला म्हणतात, तसेच हे.

यज्ञ चालला होता नर्मदेच्या उत्तर काठी, भृगुकच्छात. म्हणजे आजच्या भडोचला. काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. तिथे एक बुटका बटू आला आणि त्याने तीन पावले जमीन मागितली. बळीने हातावर पाणी सोडले, आणि मग पाऊल वाढले. कथेचा सगळा जीव इथे आहे. सौदा ठरला तेव्हाचे पाऊल वेगळे आणि मोजताना टाकलेले पाऊल वेगळे. माप घेणाऱ्याच्याच पायात होते. हा बटू नव्हे, हे कपट आहे, असे बळीचे लोक ओरडले, हेही भागवतानेच नोंदवले आहे.

हे पाऊल आपल्या ओळखीचे आहे. मागणारा नेहमी लहान आणि गरीब होऊन येतो. सत्तरच्या दशकात ज्वारीची लेव्ही घेतली ती गरिबाच्या भाकरीच्या नावाने. मार्च 2012 मध्ये कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली ती देशातल्या गिरण्यांच्या नावाने, शेतकऱ्याच्या घरात कापूस असताना. ऑगस्ट 2025 मध्ये आयात कापसावरचे 11 टक्के शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत उठवले आणि मग ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. पेरणी जूनमध्ये झालेली, बोंडे लागत आलेली, शेतकऱ्याच्या हातातले पाणी सुटलेले. तेव्हा पाऊल वाढले.

भाविक म्हणतील, तुम्ही अर्धीच कथा सांगता. देवाने बळीला शिक्षा केली नाही, त्याच्यावर कृपा केली. त्याला सुतळाचे राज्य दिले, स्वतः त्याच्या दारी राखण केली, पुढच्या मन्वंतरात इंद्रपद द्यायचे कबूल केले. ज्याच्यावर अनुग्रह करायचा त्याचे धन आपण आधी हिरावून घेतो, असेही देव तिथे सांगतो. कथा आम्हाला पूर्ण माहीत आहे. धन आज घेतले, मोबदला पुढच्या मन्वंतरात. आमचे थकलेले चुकारे तरी यापेक्षा लवकर मिळत. आणि दारावर पहारा असला की आतल्याला राजा म्हणायचे की कैदी, ते ज्याने त्याने ठरवावे.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी'त हेच विचारले. मत्स्यापासून पुढचे अवतार म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या एकामागून एक स्वाऱ्या, असा अर्थ त्यांनी लावला. खंडोबा, म्हसोबा यांना बळीचे अधिकारी ठरवणाऱ्या त्यांच्या व्युत्पत्त्या इतिहास म्हणून टिकत नाहीत, हे आम्ही मान्य करतो. त्यांचा प्रश्न मात्र टिकला. फुल्यांनी तो हवेतून काढला नव्हता, ओवाळणाऱ्या बायांच्या तोंडून ऐकला होता. तिकडे केरळात ओणमला महाबळी वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो असे मानून दारात फुले घालतात. एवढ्या लांबच्या दोन मुलखांत कष्टकऱ्यांनी हरलेल्या राजाचीच बाजू धरली.

आम्हाला वाद देवाशी नाही. वाद आहे तो अवताराची वाट पाहण्याशी. सभेत एखादा बरा बोलला की आपलीच माणसे म्हणतात, हा बळीराजाचा अवतार आहे. हार घालतात आणि घरी जातात. कल्की यायचाच आहे म्हणून बसायचे, की मुख्यमंत्री बदलेल म्हणून बसायचे, बसणे तेच. (नांगर खांद्यावर घेतलेला देव एकच, बलराम. जयदेवाच्या दशावतारात तो आहे, इतर कित्येक याद्यांत त्याला जागाच नाही. त्याने तर नांगराने यमुना ओढून आणली होती. कोरडवाहूवाल्यांनी याची नोंद घ्यावी.)

बळीने शब्द पाळला, तो थोरच. पण त्याच भागवतात शुक्राचार्य त्याला सांगतात की पोटापाण्यावर आले तर दिलेला शब्द मोडण्यात दोष नाही. बळीने ते ऐकले नाही. आपण ऐकावे.

येत्या पाडव्याला प्रत्येक गावात पारावर बसावे आणि दोन ठराव करून जिल्हा बैठकीत आणावेत. पहिला, पेरणीच्या वेळी आयात-निर्यातीचे जे धोरण असेल ते फरदडीचा शेवटचा वेचा विकेपर्यंत सरकारने बदलू नये. दुसरा, खरेदी केंद्रावर प्रत आणि ओलाव्याची कपात गाडी काट्यावर चढण्याआधी फळ्यावर लिहिलेली असावी. लिहिलेली नसेल तर गाडी काट्यावर चढवायची नाही, एकट्याची नव्हे, गावाची.