मृत्यूच्या कारणाचा रकाना

पावसाळा आला की मेळघाटातील बालमृत्यूंची वार्ता येते, आणि तिच्या पाठोपाठ एक वादही ठरल्याप्रमाणे येतो. मूल कुपोषणाने दगावले, असे कार्यकर्ते म्हणतात. ते न्यूमोनियाने किंवा अतिसाराने दगावले, कुपोषणाने नव्हे, असा खुलासा शासनाकडून होतो. विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, मंत्रिमहोदयांचा दौरा होतो, आकड्यांवर आकडे आदळतात आणि पाऊस ओसरला की वादही ओसरतो. १९९२-९३ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची मुले मेली, तेव्हापासून हे असेच चालले आहे. या वादाचा निकाल लागत नाही याचे खापर केवळ उभय पक्षांच्या हट्टावर फोडणे योग्य होणार नाही. प्रश्नच मुळात चुकीचा विचारला जात आहे, आणि तो नीट कसा विचारावा याचे शिक्षण घेतलेली माणसे या राज्यात फार थोडी आहेत.

अपुऱ्या आहारावर वाढणाऱ्या मुलाची रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. दुसऱ्या मुलास दोन दिवस सतावणारा अतिसार त्यास दोन आठवडे पिळून काढतो. आजारात त्याची भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही, आणि तापात शरीर आपलेच मांस जाळू लागते. त्यातून मूल उठले तरी ते आधीपेक्षा हलके होऊन उठते आणि पुढच्या आजाराच्या तावडीत अधिक सहज सापडते. अशी पाच-सात आवर्तने झाल्यावर ते दगावले, तर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात शेवटच्या आजाराचे नाव लिहिले जाते. ते खोटे नसते, अपुरे असते. स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन या तीन शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली सिद्ध केलेल्या प्रबंधात हे दुष्टचक्र साधार मांडले आहे. त्यांपैकी कार्ल टेलर यांच्या पुढाकाराने त्याच सुमारास पंजाबातील नारंगवाल परिसरात काही गावांना पूरक आहार, काहींना औषधोपचार आणि काहींना दोन्ही देऊन कशाचा किती उपयोग होतो, हे काही वर्षे मोजण्यात आले. म्हणजे आपल्याच देशातील खेड्यांत अर्धशतकापूर्वी हाताळला गेलेला हा प्रश्न आहे. आमच्या शासनाने मात्र रोग एका खात्याकडे आणि भूक दुसऱ्या खात्याकडे अशी वाटणी करून ठेविली आहे. मुलाचे वजन अंगणवाडीच्या वहीत, त्याचा ताप आरोग्य केंद्राच्या वहीत. या दोन वह्या शेजारी ठेवून वाचावयाच्या कोणी, असे विचारले तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवितील.

असे वाचन करणारी माणसे मिळाली म्हणजे काय घडते, हे गडचिरोलीत दिसले. न्यूमोनिया ओळखावयास डॉक्टर आणि क्ष-किरण यंत्र हवेच, हा समज डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी मोडला. आजारी बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजले तरी रोगाचा सुगावा लागतो. पण निरक्षर दाईने पन्नास-साठपर्यंत मोजावे कसे? त्यांनी तिच्या हाती मण्यांचे एक साधे साधन दिले; दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गावांत ही योजना राबविली गेली, तेथील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहूनही कमी होते. पुढे ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्याचा प्रयोग झाला. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी राखलेल्या ४७ गावांत तशी घट झाली नाही. या यशात औषधांचा जेवढा वाटा, तेवढाच त्या ४७ गावांचा आहे. ती नसती तर सारे काही योगायोग म्हणून उडवून लावता आले असते, आणि २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्तीमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारण्याचा प्रसंगही आला नसता.

ही तुलनेची विद्या बंग दांपत्य शिकले ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. जामखेडचे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हेही तेथीलच विद्यार्थी. आणि त्या विद्यापीठात हे शास्त्र रुजविणारे कार्ल टेलर जन्मले होते मसुरीजवळ, आणि त्यांचे क्षेत्र होते पंजाब! आपल्या खेड्यांत उपजलेली विद्या बाल्टिमोरच्या वाटेने जामखेड-गडचिरोलीस परत यावी, हा काखेत कळसा आणि गावाला वळसा नव्हे तर काय?

भोर समितीने १९४६ सालीच सामाजिक वैद्य घडविण्याची कल्पना मांडली होती आणि त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुचविले होते. तो विषय आज वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकविला जातो, पण बहुधा परीक्षेपुरता. हुशार विद्यार्थी क्ष-किरणशास्त्राकडे किंवा हृदयरोगाकडे धावतो. त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हां सुशिक्षितांना नाही, कारण ही आमचीच मुले आहेत आणि त्यांना तिकडे ढकलतो ते आम्हीच. पदव्युत्तर प्रबंध लिहिला जातो तोही बहुतेक वेळा रुग्णालयात आलेल्या शे-दीडशे रुग्णांवर. जे मूल रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नाही त्याची त्यात नोंद नसते, आणि दुर्गम पाड्यांवर मरतात ती पुष्कळदा हीच मुले.

यावर कोणी म्हणेल, आधी मुलांना खाऊ घाला, संशोधनाचे मागाहून पाहू. हा आक्षेप सहृदय आहे, पण त्यास एक आकडा आडवा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी उंचीच्या मानाने कृश मुलांचे प्रमाण २०१५-१६ साली २५.६ टक्के होते. त्यानंतरच्या पाहणीतही ते नेमके २५.६ टक्केच निघाले. खुंटलेल्या मुलांचे प्रमाण तर ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रातील ही पाहणी २०१९ सालीच, करोनाची साथ येण्यापूर्वी, पुरी झाली होती. तेव्हा साथीस दोष देण्याचीही सोय नाही. आहार तर या काळातही वाटला जात होता. मग तो अपुरा पडला, मुलाच्या मुखी गेलाच नाही, की वारंवारच्या अतिसाराने वाहून गेला? की उणीव जन्मापूर्वीचीच होती? पुण्याजवळील सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात, गर्भारपणी ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा आले, त्यांची बाळे जन्मतःच अधिक भरलेली आढळली. पुणे परिसराचे हे उत्तर धारणीच्या कोरकू पाड्यास किती लागू पडते, हे तेथे जाऊन, राहून आणि मोजूनच कळेल.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. धारणी, मोखाडा आणि भामरागड या तीन तालुक्यांत शासनाने कायमची अभ्यासक्षेत्रे उभारावीत. बांगलादेशात मतलब येथे १९६६ पासून घरोघरच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेविली जात आली आहे, तशी नोंद येथे सुरू व्हावी. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून प्रत्यक्ष क्षेत्रकार्यावर भर देणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो; तो नमुना आपल्यासमोर आहेच. या क्षेत्रांत डॉक्टरांबरोबर आहारतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एकत्र शिकावेत, आणि कोरकू, वारली, माडिया बोलणाऱ्या तरुण मुलामुलींना केवळ दुभाषे म्हणून न राबविता विद्यार्थी म्हणून घ्यावे. शिकून बाहेर पडणाऱ्यास आरोग्य खात्यात स्वतंत्र श्रेणी आणि रुग्णालयातील तज्ज्ञाच्या बरोबरीचे वेतन मिळाले पाहिजे. एरवी दोन वर्षांनी तो शहराची वाट धरील. आणि त्याने काढलेला आकडा मंत्रालयाच्या आकड्याशी जुळला नाही तरी तो प्रसिद्ध करण्याची मुभा त्यास कायद्याने असली पाहिजे. ही शेवटची अट शासनास सर्वांत जड जाईल, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही पुढचा पावसाळा येण्यापूर्वी या तीनपैकी एका तरी तालुक्यात, मुलाचे वजन आणि त्याचा ताप एकाच पानावर लिहिणारी वही उघडली गेली पाहिजे.