पोशाख कुणी शिवला?



भारतातला पहिला कॉमिक कॉन २०११ साली दिल्ली हाटमध्ये भरला. कॉमिक्स, कार्टूनपट आणि व्हिडिओ गेम यांच्या चाहत्यांची ही जत्रा पुढे मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांतही भरू लागली. तिथे मुले-मुली आपल्या आवडत्या पात्राचा वेश करून येतात. याला कॉसप्ले म्हणतात. दुसऱ्या दिवशी निळ्या-गुलाबी केसांच्या, चिलखते घातलेल्या मुलींचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. ते पाहून आपल्यापैकी अनेकींच्या मनात येते : पोट भरलेल्या घरांतले हे चोचले, यांच्याशी चळवळीचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो सुईदोऱ्याचा आहे. यातले पुष्कळ पोशाख विकत आणलेले नसतात. मुलींनी ते स्वतः बेतलेले, कापलेले, शिवलेले असतात. बाई आणि शिवण हा तर आपला जुना विषय आहे.

शिवण आपल्या वाट्याला कशी आली ते आठवून पाहा. अनेक शाळांतून वर्षानुवर्षे मुलींना शिवण आणि मुलांना दुसरे काही, अशी वाटणी होती. लग्न ठरवताना 'शिवणकाम, भरतकाम येते' हा मुलीचा गुण म्हणून सांगितला जाई. नवरा वारला, नवऱ्याने टाकले, गिरणी बंद पडली, की सरकारपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांकडे एकच उपाय : बाईला शिलाई मशीन द्या. मशीनचे वाटप होते, फोटो निघतो. पुढे ती बाई घराच्या कोपऱ्यात बसून नगावर परकर नाहीतर ड्रेस शिवते. दोरा तिचा, वीज तिची, पाठदुखी तिची. भाव मात्र व्यापाऱ्याचा. घरी बसून उत्पादन करणाऱ्या अशा कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

घरातली शिवण तर मोजलीच जात नाही. शाळेत फॅन्सी ड्रेस स्पर्धा असते. मुलगी जिजाऊ होते, झाशीची राणी होते. तिच्यासाठी रात्री जागून जुन्या साडीची छोटी नऊवारी शिवणारी, पुठ्ठ्याला चंदेरी कागद लावून तलवार करणारी आई कुठल्याच बक्षिसाच्या यादीत नसते.

म्हणजे सुई आपल्या हातात होतीच. पण ती दुसऱ्यासाठी चालत होती. नवऱ्याचे बटण, मुलाचा गणवेश, व्यापाऱ्याचा माल. कॉसप्ले करणारी मुलगी हीच सुई स्वतःसाठी हातात घेते. ज्याची कुणाला गरज नाही, ज्याने घर चालणार नाही आणि ज्याचे कुणी मागणे केलेले नाही, असे काही ती केवळ आपल्याला हवे म्हणून बनवते. आपल्या समाजात बाईला 'हवे म्हणून' काही करण्याची मुभा किती कमी आहे हे आपण जाणतोच.

आणि हे काम सोपे नाही. चित्रातल्या पात्राचा पोशाख चित्रकाराने काढलेला असतो. त्याला शिवण नसते, बटण नसते, गुरुत्वाकर्षणही नसते. तो खऱ्या अंगावर बसवायचा तर आधी कागदावर बेत काढावा लागतो. स्वस्त मांजरपाटाचा एक नमुना शिवून, अंगावर घालून, टाचण्या लावून तो दुरुस्त करावा लागतो. मग खरे कापड कापायचे. कॉलर ताठ राहावी म्हणून बकरम, झगा फुगावा म्हणून जाळी, आत अस्तर. चिलखत लोखंडाचे नसते. चपलांच्या तळव्यांना वापरतात त्या जातीच्या ईव्हीए फोमचे पत्रे कापून, गरम हवेच्या बंदुकीने वाकवून, चिकटवून आणि वर रंगाचे हात देऊन ते घडवतात. (हा चिकटवण्याचा गोंद उग्र असतो. खिडक्या उघड्या ठेवूनच तो वापरावा, हे आपल्या मुलींना जरूर सांगावे.) मंगळदास मार्केटमध्ये कापड, भुलेश्वरला लेस आणि टिकल्या शोधत त्या फिरतात. यात भूमिती आहे, सुतारकी आहे, रंगकाम आहे. शाळेने 'शिवण मुलींची, सुतारकाम मुलांचे' अशी जी भिंत घातली होती, ती इथे एकाच पोशाखात पडते.

तरीही या हातांना नाव मिळते का? या छंदाचा इतिहासच यावर बोलका आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तिथे लॉस एंजेलिसहून आलेले दोघे भविष्यकाळातले वेश घालून वावरले. त्यातला फॉरेस्ट ॲकरमन पुढे या क्षेत्रातला नामवंत झाला आणि 'वेश करून संमेलनाला आलेला पहिला चाहता' म्हणून त्याचे नाव वर्षानुवर्षे घेतले गेले. त्याच्यासोबतची बाई होती मर्टल डग्लस. मोरोजो या नावाने ती लिहीत असे. दोघांचेही पोशाख तिनेच आखले होते आणि तिनेच शिवले होते. चाहत्यांच्या नियतकालिकाचे संपादनही ती ॲकरमनच्या बरोबरीने करत होती. १९६४ साली ती वारली. तिला या कलेची जननी म्हणायला लोकांनी फार उशीर केला. घालणाऱ्याचे नाव राहिले, शिवणारीचे पुसले गेले. हे वाचताना आपल्या ओळखीच्या किती जणी डोळ्यांपुढे येतात!

जपानमधली कहाणीही पाहण्यासारखी आहे. टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये कॉमिकेट नावाचा हौशी चित्रकथांचा बाजार पहिल्यांदा भरला. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. मुलींसाठीच्या चित्रकथा तेव्हा स्त्री चित्रकार नव्या दमाने काढू लागल्या होत्या आणि त्या वाचून मुली स्वतः काढू-लिहू लागल्या होत्या. अशाच मेळ्यांतून पात्रांचे वेश करण्याची प्रथा वाढली आणि १९८३ साली एका जपानी मासिकातल्या लेखात तिला 'कॉसप्ले' हे नाव मिळाले. नागोया शहरात २००३ पासून कॉसप्लेचे जागतिक संमेलन भरते. तिथल्या स्पर्धेत पोशाख स्वतःच्या हातांनी केलेला असणे ही अटच आहे. म्हणजे मान द्यायचा तो करणारीला, हे नियमात बसवता येते.

आणखी एक गोष्ट. या मुली पुष्कळदा पुरुषपात्रेही निवडतात. योद्धा, चाचा, राजपुत्र. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर आले तेव्हा महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, त्यांच्या नेसण्याची कुलीन घरांतल्या बायकांनी नक्कल केली. त्याच काळात खऱ्या बाईने रंगमंचावर पाऊल ठेवणे मात्र बदनामीचे मानले जाई. पुरुषाने बाईचे रूप घेतले तर ती कला, बाईने पुरुषाचे घेतले तर तो थिल्लरपणा, हा न्याय अजून पुरता गेलेला नाही. मिशी लावून, खांदे रुंद करणारा अंगरखा स्वतः शिवून जी मुलगी चारचौघांत ताठ उभी राहते, तिने 'बाईने कसे दिसावे' या प्रश्नाला आपले उत्तर दिलेले असते.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असे नाही. यातली कितीतरी स्त्रीपात्रे पुरुषांच्या नजरेने काढलेली आहेत : युद्धावर निघालेली बाई, पण चिलखत जेमतेम छाती झाकणारे. बाजारही टपलेला आहेच. तयार पोशाख, केसांचे टोप, महागडी चिलखते विकायला दुकाने सज्ज आहेत. शिवाय सावळ्या मुलीने गोऱ्या पात्राचा, जाड मुलीने सडपातळ पात्राचा वेश केला की हिणवणारे असतात. पण म्हणूनच स्वतः शिवण्याला महत्त्व आहे. तयार पोशाख मापे सांगतो आणि बाईने त्यात मावायचे असते. स्वतः शिवणारी आपले माप घेऊन पोशाख आपल्यापुरता बदलते. ती चिलखताला पोट जोडू शकते, झग्याला खिसे लावू शकते. शरीर कपड्याला शरण जायचे की कपडा शरीराला, हा प्रश्न साधा नाही.

सगळ्यात गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा. 'असला वेश केला म्हणजे हात लावायला परवानगीच' हे आपल्याला रस्त्यावर, लोकलमध्ये, पोलीस ठाण्यात ऐकू येते. तेच या मेळ्यांतही घडते. न विचारता कमरेत हात घालून फोटो काढणे, खालून कॅमेरा धरणे, शेरे मारणे. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली 'वेश म्हणजे संमती नव्हे' अशा अर्थाचे मोठे फलक लागले. ते आपोआप लागले नाहीत. मुली बोलल्या, संघटित झाल्या, म्हणून लागले. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ लैंगिक छळाला गुन्हा ठरवते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही तिथे नोकरीला नसलेल्या बाईला तक्रारीचा हक्क देतो. मेळा भरवणाऱ्यांनी तक्रार कुठे करायची ते ठळकपणे लिहावे, कपडे बदलायला सुरक्षित खोल्या द्याव्यात, ही मागणी आपण केली पाहिजे. या मुली आपल्याकडे येण्याची वाट न पाहता आपण त्यांच्याकडे जावे.

त्याचबरोबर त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवावा. ज्या मुलीला स्वतः शिवता येत नाही ती पोशाख शिवून घेते. पुष्कळदा गल्लीतल्या एखाद्या बाईकडून. पंधरा दिवसांच्या अशा किचकट कामाचे मोल ब्लाउजच्या शिलाईच्या हिशेबाने करायचे का? आणि स्पर्धेच्या मंचावर, फोटोखाली तिचे नाव येणार की नाही? मोरोजोचे जे झाले ते आपल्या गल्लीतल्या शिवणारीचे होऊ नये, एवढे तरी या तरुण मैत्रिणी करू शकतात.

आपले गटही एक करू शकतात. आपल्या शिवणवर्गांत परकर, झबले, ब्लाउज यांच्यानंतर एक दिवस असा ठेवावा की प्रत्येकीने स्वतःला हवे ते शिवावे. विकण्यासाठी नव्हे, घरासाठी नव्हे. चांदबिबी व्हायचे असो की आकाशात उडणारी कुणी. तिला काय व्हावेसे वाटते हे कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेले असेल. त्या दिवशी काय काय शिवले गेले आणि त्यावर घरची माणसे काय म्हणाली, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू, शिवणाऱ्यांच्या नावांसकट.

— संपादक मंडळ