वाडीतील लाकूड आणि करवतीची साखळी

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेस समुद्रातून सौराष्ट्राकडे गेले, तेव्हा वसई-विरार पट्ट्यातही पुष्कळ झाडे उन्मळून पडली. अशा वेळी यांत्रिक करवत, म्हणजे चेनसॉ, किती उपयोगी पडते हे सांगावयास नको. परंतु यंत्राची किंमत व अश्वशक्ती बारकाईने विचारणारे बागाईतदार साखळीविषयी सहसा काहीच विचारीत नाहीत. दुकानदार देईल ती घेतात. आमच्या मते हा क्रम उलट असावयास हवा. लाकूड कापतात ते साखळीचे दाते. यंत्र त्यांना केवळ फिरविते.

दात्यांचे मुख्य प्रकार दोन. काटकोनी कोपऱ्याचा दाता, ज्याला बाजारात फुल चिझल म्हणतात, स्वच्छ व मऊ लाकूड झपाट्याने कापतो. मात्र वाळू लागताच त्याचा कोपरा बोथट होतो. गोलसर कोपऱ्याचा सेमी चिझल दाता थोडा सावकाश चालतो, पण कठीण व मळलेल्या लाकडात धार टिकवितो. वेगाच्या मोहाने पहिला घेतला जातो. अर्नाळा, राजोडी, कळंब येथे वाळूत आडव्या पडलेल्या माडापुढे तो कितीसा टिकणार? माडाचे खोड गाभ्यात मऊ, पण बुंध्याकडे बाहेरचा थर अतिशय कठीण असतो. शिवाय ताडवर्गीय झाडांत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात व तेही धार खातात. म्हणून किनाऱ्यालगतच्या वाड्यांना गोलसर दात्याचीच साखळी योग्य, असे आमचे स्पष्ट मत आहे. चिंच, सुरू यांसारख्या कठीण लाकडासही तीच घ्यावी. कापण्यापूर्वी खराट्याने वाळू झाडावी आणि ओंडक्याखाली ठोकळा द्यावा. साखळी क्षणभर जमिनीला टेकली तरी धार गेलीच म्हणून समजावे.

आंबा-फणसाच्या फळ्या पाडावयाच्या असल्यास प्रश्न निराळा. आडव्या कापणीच्या दात्याचा वरचा कोन सुमारे ३० अंश, तर उभ्या चिराईच्या साखळीचा सुमारे १० अंश असतो. पहिलीने चिरल्यास फळी खडबडीत निघते व यंत्रावर ताण पडतो. तथापि चार-दोन फळ्यांसाठी वेगळी साखळी घेण्यापेक्षा ओंडका लाकडाच्या गिरणीत नेणे बरे.

कोणतीही साखळी घेताना पिच, गेज व ड्राइव्ह लिंकांची संख्या ही तीन मापे पट्टीशी जुळली पाहिजेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील प्रत्येक यंत्राची ही मापे वहीत टिपून ठेवावीत. वादळानंतर दुकानात धावाधाव करताना ती कोणाला आठवत नाहीत.

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत चालविणाऱ्याच्या अंगावर उसळते, आणि यात जीवही जाऊ शकतो. नवशिक्याच्या हाती उसळी कमी करणारी साखळीच द्यावी. दात्यापुढील खुंटी प्रमाणाबाहेर घासली गेल्यास दाता मोठा घास घेतो व उसळी वाढते. धार लावणाऱ्यास ही खुंटी मापपट्टी ठेवूनच घासण्यास बजावून सांगावे.