नाडीच्या बाजूने

चेन या वस्तूशी माझं तसं वैर नाही. तिने प्रवासी बॅगांवर आणि विजारींवर खुशाल नांदावं. (विजारीवरची चेन ऐन लग्नाच्या मांडवात काय काय करते, ते इथे सांगत नाही. घरातली मंडळी वाचतात.) पण चार-पाच वर्षांच्या पोराच्या खाऊच्या पिशवीला चेन लावणाऱ्यांशी मात्र माझं उघड भांडण आहे आणि ते मी मिटवणार नाही.

अमेरिकेत व्हिटकोम्ब जडसन नावाच्या गृहस्थाने १८९३ साली या चेनच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं, ते बूट बंद करण्यासाठी. बुटांसाठी निघालेली वस्तू पोरांच्या पिशवीपर्यंत आली. मध्ये कुणी पोरांना विचारल्याचं ऐकिवात नाही. चेनचा एक दात पडला की उरलेले सगळे दात निरुपयोगी. रनर एका बाजूने निसटला की पिशवीने कायमचा आ वासला. आणि पोर चेन ओढतं ती कधी सरळ ओढत नाही, तिरकी ओढतं. मग आतलं कापड अडकतं, मग ते "आजोबा, उघडून द्या ना!" म्हणत येतं. आपण चष्मा शोधेपर्यंत लाडवाचा भुगा झालेला असतो.

नाडीचं तसं नाही. दोन नाड्या दोन बाजूंना ओढल्या, तोंड बंद. दोन बोटं घालून फाकवलं, तोंड उघडं. पोराला मोठ्या माणसाची गरज पडत नाही. आपली गरज पडत नाही हे काही आईबापांना सोसत नाही, असा मला दाट संशय आहे. नाडी तुटलीच तर घरात दुसरी असतेच. निदान परकराची तरी असते.

"पण विकत मिळते की!" हे वाक्य बोलणाऱ्यांचा एक पक्षच आहे. विकत सगळंच मिळतं हो. शिळ्या पोळीचा चिवडाही मिळेल उद्या पाकिटातून. या पक्षाचं म्हणणं असं, की वेळ कुणाला आहे? तर वेळेचाच हिशेब करू.

अकरा इंच रुंद आणि अठ्ठावीस इंच लांब सुती कापडाचा एक तुकडा. आजीच्या जुन्या पातळाचा असला तर उत्तमच. कोरा असेल तर आधी भिजवून वाळवावा, नाहीतर पहिल्या धुण्यात पिशवीचा बटवा होतो. उलट बाजू बाहेर राहील अशी मधोमध घडी घालायची. घडी हाच तळ, म्हणजे तळाला शिवण नाही, म्हणजे तळ उसवायची भीती नाही. दोन्ही बाजूंना अर्धा इंच सोडून टीप मारायची, पण वरची चार इंच जागा मोकळी ठेवायची. सगळी मेख इथे आहे. हौशी मंडळी टीप थेट टोकापर्यंत मारतात आणि मग नाडी आत शिरणार कुठून म्हणून कपाळाला हात लावतात. मोकळ्या कडा आत दुमडून शिवल्या, की वरून आधी अर्धा आणि मग दीड इंच दुमडून दोन्ही बाजूंचे नेफे घालायचे. तीस-तीस इंचांच्या दोन नाड्या. पिनेच्या टोकाला अडकवून एक उजवीकडून घालायची, दोन्ही नेफ्यांतून फिरवून उजवीकडेच काढायची आणि गाठ मारायची. दुसरी तशीच डावीकडून. झाली दहा बाय बाराची पिशवी! मशीन नसेल तर धावदोरा घाला, मधूनमधून एक टाका मागे घ्या. दूरदर्शनवरची एक मालिका संपेपर्यंत आटपतं. मालिकाही समजते, कारण तिच्यात समजण्यासारखं फारसं नसतं.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. नाडी गळ्यात अडकू शकते. म्हणून ती याहून लांब नको, पिशवी गळ्यात घालायची नाही हे पोराला बजावायचं, आणि तीन वर्षांच्या आतल्याच्या हातात ती द्यायचीच नाही.

आता खरं दुखणं. एका शाळेने (नाव कशाला?) तिसरीच्या मुलांना कार्यानुभवासाठी 'स्वतः शिवलेली पिशवी' आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात स्वतः शिवलेल्या पिशव्यांचा ढीग लागला! प्रदर्शनात सगळ्या पिशव्यांना एकाच रंगाची लेस आणि सगळ्यांना 'छान' शेरा. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षण द्या असं सांगितलं. आम्ही पाकिटातल्या पैशातून दिलं. ज्या दोन-चार मुलींनी खरंच शिवली, त्यांच्या पिशव्या वाकड्या म्हणून मागच्या रांगेत.

आणि मुलगे? एका मुलाच्या वडिलांनी बाईंना सरळ विचारलं, "आमचा बंड्या काय शिवण शिकणार?" का नाही? बाजारातल्या ओट्यावर मशीन चालवणारा शिंपी पुरुषच असतो ना? पुरुषाने पैसे घेऊन शिवलं की धंदा आणि घरात शिवलं की बायकीपणा, हा कुठला न्याय? नामदेव महाराज शिंप्याच्या घरात जन्मले, त्यांना पांडुरंगाने हा प्रश्न विचारल्याचं ऐकलेलं नाही. हा बंड्या उद्या परगावी एकटा राहील, तेव्हा शर्टाचं बटण तुटलं की शर्ट टाकून देईल. तुटलेलं टाकायचं आणि नवं आणायचं एवढंच तर त्याने घरात पाहिलंय.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. तिसरीच्या वर्गात चाळीस सुया, चाळीस तुकडे आणि ऐंशी नाड्या द्या. मुलगा-मुलगी बघू नका. दाराला कडी घाला, म्हणजे पालक आत येणार नाहीत. बोटाला सुई टोचेल, टोचू दे. बाईंनी कापूस जवळ ठेवावा. टाके वाकडे येतील, येऊ देत. नाडी ओढली की तोंडाशी चुण्या पडतात, त्यात निम्मे झाकले जातात. आणि प्रदर्शन भरवायचंच असेल तर प्रत्येक पिशवीत किलोभर चिंचोके भरून ती पाच मिनिटं खुंटीला टांगावी. दुकानातल्या लेसवाल्या पिशव्याही टांगाव्यात, माझी हरकत नाही.